उंबऱ्याच्या आत

मेट्रन मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा कुणीतरी तक्रार केली. माझ्या तक्रारी होतात. मी बोलते फटकन. चौदा वर्षं पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड सांभाळल्यावर माणूस गोड राहत नाही, आणि मी मुळात फार गोड होते अशातलाही भाग नाही.

पण तक्रार नव्हती. “हर्षाली, आपण जखमांची वेगळी ओपीडी काढतोय,” मॅडम म्हणाल्या. “शुगरवाल्यांचे पाय, अंथरुणाला खिळलेल्यांच्या पाठी, वर्ष वर्ष न भरणाऱ्या जखमा. तेवढंच काम करणारी एक सिस्टर पाहिजे. सहा महिन्यांचा कोर्स आहे, हॉस्पिटल करवून घेईल. नाइट नाही. सर्जरीच्या सरांनी तुझं नाव सुचवलंय.”

“माझं? का बरं?”

“तू ड्रेसिंग केलेले पेशंट लवकर बरे होतात म्हणे. रडतात, पण बरे होतात.”

मार्चअखेर सांग, म्हणाल्या. तोपर्यंत मंगळवारी आणि शुक्रवारी तिथं बसून बघ, जमतंय का. तेव्हा डिसेंबर चालू होता. ती खोली तळमजल्याच्या पार टोकाला, एक्स-रेच्याही पुढे. आधी तिथं मोडक्या व्हीलचेअर ठेवायचे. एक टेबल, एक ट्रॉली, एक पेशंटची खुर्ची, एक माझं स्टूल. वॉर्डात कसं, भांडायला तरी माणसं असतात. इथं दार लोटलं की मी आणि कुणाचा तरी पाय.

“दीदी, डोकं फिरलंय का तुमचं?” अरिबा म्हणाली. ही माझ्या वॉर्डातली ज्युनिअर, मालेगावची, बोलायला माझ्याइतकीच तिखट. “वॉर्ड इन्चार्ज व्हायचं सोडून दिवसभर पू पुसत बसणार? सगळे पू-सिस्टर म्हणतील तुम्हाला.”

“तू सुरुवात केलीसच की.”

मला पुवाची किळस नाही. नको वाटायचं कारण दुसरंच होतं, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आई शेवटचे पाच महिने देवळ्याला, भावाच्या घरी, अंथरुणावर होती. सगळं वहिनी करायची. मी पंधरा दिवसांतून एकदा जायचे, रविवारी, सफरचंदं घेऊन. एकदा आईला कुशीवर वळवलं तर माकडहाडावर जखम, रुपयाएवढी. झालं. मी नर्सबाई! अंगणात उभी राहून वहिनीला नाही नाही ते बोलले, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. वहिनीनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेली. निवृत्ती, माझा भाऊ, एवढंच म्हणाला, “तू नर्स हायेस ना? मग ने तिला.”

मी नेलं नाही. सिडकोतली माझी एक खोली, त्यात महिन्यातून दहा नाइट, कुठं नेणार होते? आई गेली. तेराव्यानंतर मी त्या घरी पाऊल टाकलेलं नाही, आणि मला कुणी बोलावलंही नाही. चार वर्षं झाली. माझा फोन वाजतो तो ड्यूटी बदलून देशील का विचारायला, नाहीतर लोन हवंय का विचारायला. अशा बाईनं जन्मभर जखमाच बघाव्यात, हा काय न्याय? ‘नाही’ म्हणून सांगायचं, असं मी मनात जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्याच मंगळवारी सावळीराम काका आले. वय अडुसष्ट, मूळचे चांदवडकडचे, अंबडच्या एका कंपनीत तीस वर्षं लेथ मशीनवर काढलेली. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बटण गळ्यापर्यंत लावलेलं. एकटेच. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याला, भोक पडलेलं, माझं बोट जाईल एवढं. शुगरनं पायाची जाण गेली होती. खिळा लागला की काय लागलं, त्यांना पत्ताच नव्हता.

“दुखत नाय ना सिस्टर. म्हणून लक्ष नाय दिलं,” ते म्हणाले.

“दुखत नाही हीच तर पीडा आहे! दुखलं असतं तर पाय टेकवला असतात का?”

या जखमेचं औषध मलमात नसतं. तिच्यावर शरीराचा भार पडायला नको, बस. भार पडला की रोज नवं मांस येतं आणि रोज चेंगरतं. म्हणून जखमेच्या जागी पोकळ असलेली खास चप्पल मिळते, ती आम्ही त्यांना दिली. मी बजावलं, “झोपताना सोडून जिथं जिथं पाऊल टाकाल तिथं ही पायात पाहिजे. घरात, दारात, मोरीत, संडासात. कळलं?”

“व्हय सिस्टर.”

“घरातसुद्धा बरं का.”

“व्हय व्हय,” ते मान खाली घालून म्हणाले, आणि माझा विश्वास बसला.

दर मंगळवारी-शुक्रवारी ते यायचे. नंबर दहाचा असला तरी साडेआठला हजर. मी पट्टी सोडायचे, ते बोलायचे. मुलगा संतोष पुण्याला, त्याला वेळ नसतो, बिचारा. बायको सावित्रीबाई दीड वर्षापूर्वी गेली. सावित्री असं म्हणायची, सावित्री तसं करायची. मी हं हं करायचे आणि जखम मोजायचे. आठवडाभरात ते मला सिस्टरऐवजी पोरी म्हणायला लागले. मला कुणी पोरी म्हटलेलं आवडत नाही. त्यांचं चालवून घेतलं.

चार आठवडे गेले. जखम तसूभर कमी झाली नाही, उलट कडा पांढऱ्या पडल्या, आत खोल गेली. सरांनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “काका, पंधरा दिवस देतो. नाहीतर अंगठा काढावा लागेल. हाडात गेलं तर पुढचं अर्धं पाऊल.”

 काकांनी मला हळूच विचारलं, “मग घर कोण पुसंल?”

अर्धं पाऊल जायची वेळ आलीय आणि ह्यांना घर पुसायचं पडलंय! माझं डोकंच सणकलं. त्यात त्या दिवशी सोडलेल्या पट्टीच्या तळाशी पीठ निघालं. गव्हाचं, भिजून वाळलेलं, आणि कडेला हळदीचा डाग. चप्पल पायात असती तर तिथं पीठ लागलंच नसतं.

“काका, तुम्ही माझ्याशी खोटं बोलता. चप्पल घालत नाही तुम्ही.”

“घालतो की पोरी. ही बघ, पायातच हाय.”

पायातच होती. मी गप्प बसले, पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. गुरुवारी माझी सुट्टी. केसपेपरवरचा पत्ता घेतला आणि गेले थेट, चोर पकडायला निघाल्यासारखी.

उत्तमनगरच्या मागे सिडकोची जुनी बसकी घरं आहेत, त्यातलं शेवटून दुसरं. दारात रांगोळी होती. वाकडीतिकडी, हातानं काढलेली; ती ह्यांनीच काढलेली असणार, गुडघ्यावर बसून. आणि दाराच्या बाहेर, एका लाकडी फळीवर, आमची ती खास चप्पल. व्यवस्थित, जोडीनं ठेवलेली. तिच्या शेजारी एक बायकी चप्पल, जुनी, धूळ पुसलेली.

सापडलात, म्हटलं. बेल दाबली. काकांनी दार उघडलं, त्यांना केवढा आनंद झाला. “ये, ये! अगं कळवायचं तरी!” मी तरातरा आत शिरले, तोंड उघडलं, आणि माझ्या तळव्यांना गार फरशी लागली.

मी खाली बघितलं. माझे पाय उघडे होते. चप्पल मी दाराबाहेर काढली होती. कधी काढली, मलाच आठवेना.

अरे देवा! आणि मी ह्यांना सांगत होते, घरात चप्पल घाला. कोण घालतं? माझ्या त्या एका खोलीत, जिथं मला विचारणारं कुणी नाही, तिथंही मी चप्पल दारातच काढते. चार आठवडे एखाद्या पोपटासारखी तेच ते बडबडत होते, आणि एकदाही विचारलं नाही की काका, हे तुम्हाला जमणार आहे का. मी खुर्चीवर बसले. लाज वाटली मला.

पण लाज वाटल्यावर लोक नरम होतात, मी आणखी कडक होते. काका चहा करायला आत गेले, साखरेसाठी बाहेर आले, कपबशीसाठी पुन्हा आत, देवापुढची उदबत्ती विझली म्हणून तिकडे, चहा माझ्या हातात देऊन दूध तापवायला पुन्हा आत. सगळं त्या उघड्या पायावर, नुसती पट्टी गुंडाळलेल्या. फरशी लखलखत होती. बाहेर हा माणूस दिवसाकाठी दोनशे पावलं चालत असेल, घरात हजार.

“काका, बसा! ती चप्पल आत आणा आणि घाला बघू आधी.”

ते हसले. “तिच्या घरात चप्पल नाय आणत पोरी. तीस वर्षं कंपनीतनं आलो, तेलानं माखलेले बूट. नळावर पाय धुतल्याबिगर तिनं मला उंबरा ओलांडू दिला नाय. आता ती नाय, तर मी चप्पल घालून सैपाकघरात हिंडू? लगेच?”

“दीड वर्ष झालं काका.”

“हां. लगेचच की.”

“पाय जाईल तुमचा!”

“अंगठाच हाय. जाऊ दे.”

आणि मग मी ते बोलले. आवाज चढवून बोलले. “काकू गेल्यात, काका! त्यांना काही दिसत नाही. तुम्ही फरशी पुसा नाहीतर चिखलाचे पाय घेऊन नाचा, त्यांना काही कळायचं नाही!”

 गॅसवर दूध वर आलं, काकांनी गॅस बंद केला. मग माझ्या हातातला कप घेतला. त्यात अर्धा चहा तसाच होता.

“तुमची सुट्टी वाया गेली, सिस्टर,” ते म्हणाले.

सिस्टर. तुमची. दोन शब्दांत मला त्यांनी पुन्हा दाराबाहेर नेऊन ठेवलं. मी चप्पल घातली आणि निघाले. त्रिमूर्ती चौकापर्यंत चालत आले, बस सोडून दिली, पुढची पण सोडून दिली.

शुक्रवारी काका आले नाहीत. साडेआठला मी दाराकडे बघत होते, साडेदहाला बघत होते. फोन केला तर म्हणाले, “येतो,” आणि आले नाहीत. मंगळवारीही खुर्ची रिकामीच. इतर पेशंट आले, त्यांचे पाय केले, पण माझं लक्ष नव्हतं. जेवायच्या सुट्टीत तिथंच स्टुलावर बसून डबा उघडला आणि एकाएकी मला देवळ्याचं अंगण दिसलं. तांब्या खाली ठेवून आत जाणारी वहिनी. तिनं माझ्या आईचं हगणंमुतणं काढलं होतं पाच महिने, एकटीनं, आणि मी तिला जखम दाखवत होते. मी जखम बघते आणि ज्याची जखम त्याला बघत नाही. मग माणसं निघून जातात, आणि मी म्हणते, मला कुणी बोलावत नाही. कोण बोलावेल? डबा तसाच बंद केला.

रडून उपयोग नव्हता, कारण पंधरातले आठच दिवस राहिले होते. चप्पल आत येणार नाही, हे पक्कं. मग जे आत येऊ शकतं तेच पायाला लावायला हवं. एका ट्रेनिंगमध्ये बघितलं होतं मी, जाड फोम कापून थेट तळव्याला चिकटवतात, जखमेच्या जागी तेवढं भोक ठेवून, आणि वरून पट्टी. चप्पल काढता येते, हे काढता येत नाही. त्या दिवशी मी मागच्या रांगेत बसून डुलक्या काढत होते, तरी एवढं डोक्यात राहिलं होतं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, “करून बघ. नाहीतरी काय हातात आहे आता?”

फोम घेतला, कात्री, चिकटपट्टी, ड्रेसिंगचं सगळं सामान पिशवीत भरलं आणि ड्यूटी संपल्यावर गेले. चप्पल काढली. या वेळी कळून काढली. मग दाराशेजारच्या नळावर पाय धुतले, घोट्यापर्यंत, घासून. काका दार उघडून बघत उभे होते.

“काका, मी चुकले,” मी म्हणाले. “ते बोलायला नको होतं मला. मी अशीच बोलते आणि माणसं तोडते. तुमच्यावर राग नव्हता. तुमचा पाय जाईल ह्याची मला भीती वाटतेय, तर ते सरळ सांगता आलं नाही मला.”

काका आत गेले. मला वाटलं, संपलं. ते टॉवेल घेऊन बाहेर आले.

“पाय पूस,” म्हणाले. “फरशी वली हुईल.”

मी जमिनीवर बसले, त्यांना खुर्चीवर बसवलं. पट्टी सोडली. वास आला, चांगला नव्हता. मी त्यांना फोम हातात दिला. “ही चप्पल नाही. पट्टीच आहे, जाड. बाहेर जाताना वरून ती चप्पल घालायची. घरी आलात की ती बाहेर काढायची, हे पायाला तसंच राहील.”

त्यांनी फोम उलटासुलटा करून बघितला, तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसासारखा, कडेवरून बोट फिरवत. “कोरा हाय?”

“कोरा.”

“चामडं नाय ना ह्याच्यात?”

“नाही हो.”

“रस्त्याला लागणार नाय?”

“नाही. रस्त्याला चप्पल लागेल. हे फक्त तुमच्या घराला लागेल.”

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते.

“फरशी पुसनार मात्र मीच,” ते म्हणाले.

“बसून पुसा. उभ्यानं नाही.”

“बसून? हसंल ती मला.”

“हसू दे काका.”

त्यांनी पाय पुढे केला.

आठवड्यानं सरांनी मोजलं. दोन मिलिमीटर कमी. हाताला न जाणवण्याएवढं, पण कमी. सर म्हणाले, “थांबू या अजून.” मी दर तीन दिवसांनी फोम बदलला, दर तीन दिवसांनी विचारलं, घरात काय काय केलं, कुठं कुठं चाललात, भाकरी कशी थापली, देवाची फुलं कुणी आणली. आधी वाटलं, ह्यात वेळ जातोय. मग कळलं, हेच ते काम. अरिबानं एकदा दारातून डोकावून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. “दीदी, तुम्ही पेशंटशी गप्पा मारताय?”

“चल निघ, तुझ्या वॉर्डात बेल वाजतेय.”

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जखम मिटली. गुलाबी, पातळ कातडी, नखाएवढी. अंगठा राहिला. मी दोनदा भिंगातून बघितलं. काका वाकून बघायचा प्रयत्न करत होते, पण स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही. मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. ते फोटोकडे बघून म्हणाले, “हा माझा हाय?”

“तुमचाच. रोज फोटो काढून बघायचा आता. आणि घरात घालायला एक कोरी मऊ चप्पल आणायची, जी दाराबाहेर कधीच जाणार नाही. कातडी नवीन आहे, पुन्हा फाटायला वेळ लागत नाही.”

“ती मी आनली कालच,” ते म्हणाले. “तिला सांगून आनली.”

मग त्यांनी विचारलं, “शुक्रवारी येऊ ना?”

“नाही काका. आता शुक्रवारी नाही. महिन्यातून एकदा दाखवायचं.”

“एकदाच?”

“एकदाच.”

ते उठले. शर्टाचं वरचं बटण लावलेलंच होतं, तरी ते चाचपत राहिले. मग एक्स-रेच्या बाजूनं हळूहळू चालत गेले, भार टाचेवर देऊन, मी शिकवलं तसं. मी दारात उभी होते. हे काम असंच आहे. तीन-तीन महिने एकाच माणसाच्या पायाशी बसायचं, आणि आपण ते नीट केलं की तो माणूस उठून निघून जातो. चुकलं तरच तो येत राहतो. मला रडू आलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की मला हेच करायचंय. आनंदबिनंद काही झाला नाही. फक्त कळलं.

मेट्रन मॅडमकडून कोर्सचा फॉर्म घेतला. घरी येऊन लगेच भरायला बसले. नाव, जन्मतारीख, रजिस्ट्रेशन नंबर, अनुभव चौदा वर्षं, पाच मिनिटांत पान भरलं. पान उलटलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं? नाव, नंबर, नातं.

तिथं पेन थांबलं. निवृत्तीचा नंबर माझ्याकडे आहे. पण तो उचलेल का, हे मला माहीत नाही, आणि चार वर्षांनी फोन करून काय विचारायचं, की मला काही झालं तर तुला कळवलेलं चालेल का? त्याच्याशी आणि वहिनीशी आधी दुसरंच बोलायचं आहे, ते फॉर्मवर मावणार नाही. अरिबाचं लग्न ठरलंय, ती एप्रिलमध्ये जाणार. मेट्रन मॅडमना असलं काही सांगायचं नसतं. अर्धा तास झाला. मला छत्तीस वर्षांत एक नंबर मिळेना.

शेवटी फोन लावला.

“काका, हर्षाली बोलतेय.”

“बोल पोरी. पाय बरा हाय माझा.”

“पायाचं नाही हो. माझा एक फॉर्म आहे, कोर्सचा. मला काही झालं तर कुणाला फोन करायचा, असं विचारलंय त्यात. तुमचा नंबर लिहू का?”

 

“माझा?” ते म्हणाले. “लिही की. घरीच असतो मी. कधीबी करू दे.”

“आणि नातं विचारलंय. तिथं काय लिहू?”

“तू मला काय म्हनतेस?”

“काका.”

“मग तेच लिही,” सावळीराम काका म्हणाले. “त्यात काय विचारायचं?”